कमलाक्षी मामींचे लाल गाल

श्रीविद्याच्या पार्लरच्या काचेवर 'पुरुषांना प्रवेश नाही' असं ठळक तमिळमध्ये लिहिलेलं होतं आणि तंजावरच्या मेलवीथीत अकरा वर्षं ते कुणी मोडलं नव्हतं. म्हणून त्या मंगळवारी दुपारी राजगोपाल मामा दार ढकलून आत आले तेव्हा सगळ्यात जास्त तेच दचकले. त्यांनी लगेच भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीवर उघड्या खांद्यांच्या एका मुलीचं क्रीमचं पोस्टर होतं. मग त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"विद्या, तुझी मामी पाटावर बसणार नाहीं म्हणते."

श्रीविद्या एका बाईच्या भुवया कोरत होती. दोरा दातांत धरलेला, त्यामुळे तिला "काय?" म्हणणंसुद्धा जमेना. तिच्याऐवजी खुर्चीतल्या बाईनेच मान वळवून "कुठल्या पाटावर?" असं तमिळमध्ये विचारलं, आणि त्या वळण्यात तिच्या डाव्या भुवईचं जे व्हायचं ते झालं.

पाट म्हणजे साठीशांतीचा पाट. महिनाअखेरीस मामांना साठ वर्षं पूर्ण होत होती. तिकडे साठीशांत म्हणजे दुसरं लग्नच. बायको तीच, पण होम पुन्हा, हार पुन्हा, मंगळसूत्र पुन्हा, वर दोघांच्या डोक्यावर कलशाचं पाणी, आणि हे सगळं मुलाच्या, सुनेच्या आणि व्याह्यांच्या देखत. तिरुवैयारुला नदीकाठचं सभागृह ठरलं होतं, आचारी ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. सव्वीस दिवस उरले होते आणि नवरी नाही म्हणत होती.

"कां म्हणे?" दोरा सोडून श्रीविद्याने विचारलं.

"तोंडाचें कारण सांगते. 'हें तोंड घेऊन दोनशें लोकांपुढें मी बसणार नाहीं.' इतकेंच बोलली आणि डाळ निवडायला लागली." मामांनी एक डोळा उघडला, पोस्टर अजून तिथेच होतं, पुन्हा मिटला. "तूं कांहीं तरी कर गो. तिचें तोंड शांत कर. मग बसेल."

मामींचं तोंड हा पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या त्या मराठी घरातला मोठा विषय होता. कमलाक्षी मामी पापनाशमच्या मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवून घरी बसलेल्या. गोऱ्या, ताठ, आणि दोन्ही गालांवर अन् नाकाच्या शेंड्यावर कायमची लाली. ही लाली दिवसात कमी-जास्त व्हायची, आणि वाढली की कपाळापर्यंत चढायची. घरच्यांनी तिचा अर्थ फार पूर्वीच लावून टाकला होता: मामी रागावल्या. या एका अर्थावर त्या घराचा कारभार चालायचा. मुलगा कार्तिक लहान असताना प्रगतिपुस्तकावर सही हवी असली की आधी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून आईचे गाल बघायचा. श्रीविद्या स्वतः सुट्टीत मामाकडे गेली की तेच करायची. मामा तर या विद्येत पारंगत होते. गाल गुलाबी, तर बसायचं. गाल लाल, तर खुंटीवरची पिशवी काढायची आणि भाजी आणायला निघायचं. त्या घरात भाजी कधी कमी पडली नाही.

श्रीविद्याच्या मनाला मात्र वेगळीच बोच होती. दोन वर्षांपूर्वी कार्तिकच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिने मामींना मोठ्या प्रेमाने खुर्चीत बसवलं होतं. दहा मिनिटं वाफ, मग अक्रोडाच्या सालीचा स्क्रब, मग सोन्याचा वर्ख लावून फेशियल आणि शेवटी पुदिन्याचा टोनर. तिला जे जे येत होतं ते ते तिने केलं, एकही गोष्ट बाकी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी मांडवात मामी उभ्या राहिल्या त्या अशा लाल, की व्याही सत्यनारायण, जे पंगतीवरून तक्रार करायला तावातावाने आले होते, ते जागच्या जागी हात जोडून "सगळें उत्तम आहे" म्हणाले आणि परत गेले. मग फोटो आले. एकशे चाळीस फोटोंत मुलाची आई कुणाला तरी मारायला निघाल्यासारखी दिसत होती. मामींनी अल्बम एकदा पाहिला, कपाटात ठेवला आणि त्यावर साड्या रचल्या.

श्रीविद्या त्यांना डॉक्टर वाणीकडे घेऊन गेली तेव्हा त्या लालीला नाव मिळालं: रोझेशिया. चेहऱ्याच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जरा निमित्त झालं की फुलतात. ऊन, आच, वाफ, तिखट, वासाची क्रीमं, काहीही चालतं. पुरती जात नाही, पण सांभाळली तर निवते. डॉक्टरांनी मलम दिलं. मामींनी ते चार दिवस लावलं आणि खणात टाकलं, कारण त्याला कसलाच वास नव्हता आणि वास नाही ते औषध कसलं. घरी त्यांनी "उष्णता आहे" एवढंच सांगितलं. मामांच्या मते उष्णता आणि राग यात फारसा फरक नव्हता. श्रीविद्याने मात्र तिरुचीला चार रविवार घालवून नाजूक त्वचेचा कोर्स केला आणि घरी येऊन अक्रोडाचा स्क्रब कचऱ्यात टाकला. मामींनी तिला कधी एक शब्द ऐकवला नव्हता, आणि तिला त्याचंच जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मामी छत्री घेऊन पार्लरमध्ये आल्या.

"तुझ्या मामासाठीं नाहीं आलें," बसता बसता त्या म्हणाल्या. "तुला वाईट वाटेल म्हणून आलें. कर काय करायचें तें."

"आधीं सांगा, तोंडाला काय काय लावतां?"

मामींनी पिशवी उघडली. शुक्रवारी उगाळायचं मंजळ, म्हणजे हळकुंड. रविवारचं बेसन आणि लिंबू. झोपताना लावायचं कापूर घातलेलं खोबरेल. ओरत्तनाडुच्या नणंदेने दिलेली एक हिरवी पोडी, म्हणजे पूड, तिच्यात काय आहे हे नणंदेलाही माहीत नव्हतं. शेजारणीने मलेशियाहून आणलेलं गोरं होण्याचं क्रीम. "पोळतें," मामी म्हणाल्या, "म्हणजे काम करतें."

श्रीविद्या एकेक वस्तू उचलून टोपलीत टाकत गेली. हळकुंडाला हात लावला तेव्हा मामींनी तिचं मनगट धरलं.

"मंजळ पण?"

"घासायचें नाहीं, मामी. पायांना लावा. तोंडाला एक महिना नको."

मग श्रीविद्याने स्वतःच्या फडताळाकडे मोर्चा वळवला. टोपली त्यांची आणि फडताळ आपलं, एवढ्याने न्याय होत नाही हे तिला कळत होतं. सदतीस बाटल्या होत्या. वासाच्या काढल्या. पुदिना, निलगिरी, लिंबू असलेल्या काढल्या. आत दाणे असलेल्या काढल्या. चेहऱ्यावर तेज आणू म्हणणाऱ्या सगळ्या काढल्या, आणि त्याच निम्म्याहून जास्त निघाल्या. टेबलावर शेवटी तीन उरल्या: फेस न येणारं दुधासारखं क्लेन्झर, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि जस्ताचं पांढरं सनस्क्रीन. चौथं डॉक्टरांचं मलम, ते मामींच्या खणातून परत आणायचं होतं.

"एवढ्यासाठीं पार्लर?" मामींनी विचारलं.

"हेंही आज लावणार नाहीं. कानामागें आणि जबड्याखालीं थेंब थेंब लावतें. दोन दिवस थांबायचें. आग झाली नाहीं तर मग तोंडाला."

श्रीविद्याला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण मामींनी मान डोलावली. "बरोबर. ताळा केल्याशिवाय उत्तर लिहूं नये."

एवढं जमलं म्हटल्यावर श्रीविद्याने धीर करून एक वही पुढे केली. कोर्समध्ये शिकवलं होतं, प्रत्येकीची कातडी वेगळ्या गोष्टीला भडकते, ती गोष्ट कोणती हे लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. वेळ लिहायची, काय खाल्लं-प्यायलं, ऊन, आच, आणि लाली दहापैकी किती. मामींनी तिथेच पट्टी मागितली आणि उभ्या रेघा मारल्या. त्या घरात सगळ्यांप्रमाणे मामीही मराठी तमिळ अक्षरांत लिहीत. रकाने झाल्यावर त्यांनी उजवीकडे आपणहून आणखी एक रकाना काढला आणि वर 'शेरा' असं लिहिलं. शेऱ्याशिवाय वही त्यांना बघवेना.

"आणि काप्पी कोमट प्यायची," श्रीविद्या घाईघाईने म्हणाली.

मामींनी पट्टी खाली ठेवली.

त्या घरी कॉफी चुलीवरून थेट टंबलरमध्ये यायची आणि टंबलरमधून थेट घशात जायची, तीही वरून धार धरून. डवऱ्यात, म्हणजे टंबलरखालच्या पसरट वाटीत, ओतून निववणं लहान मुलांसाठी आणि व्याह्यांसाठी होतं. मामी सकाळी सव्वासहाला दोन टंबलर उकळती कॉफी सात-आठ घोटांत संपवत, आणि हे बघणाऱ्या पाहुण्यांना जिभेचं काय होत असेल असा प्रश्न पडायचा.

"काप्पी सोडून बोल," मामी म्हणाल्या.

श्रीविद्या काप्पी सोडून बोलली.

मग दर दोन दिवसांनी मामी यायच्या. श्रीविद्या स्टीमरवर चादर टाकून ठेवायची, कारण अकरा वर्षांची सवय, हात आपोआप बटणाकडे जायचा. घासायचं नाही, चोळायचं नाही, चिमटे काढायचे नाहीत. गार पाण्यात पिळलेलं मऊ फडकं गालांवर ठेवायचं, बर्फ नाही, नुसतं गार. मग क्लेन्झर बोटांच्या टोकांनी, कोमट पाणी, टिपून घ्यायचं, मलम, त्यावर मॉइश्चरायझर. पंधरा मिनिटांत संपायचं. फेशियल म्हणजे चाळीस मिनिटं दणकून मेहनत असं मानणाऱ्या श्रीविद्याला आपण काहीच केलं नाही असं वाटून लाज वाटायची. पण काहीच न करण्याचा गुण यायला लागला. आठव्या दिवशी नाकाचा शेंडा निवला. बाराव्या दिवशी गालांवरचं बारीक पुरळ गेलं. मेलवीथीतल्या फुलवालीने मामींना थांबवून विचारलं, गावाला जाऊन आलात का.

पंधराव्या दिवशी मामा आले. आता ते दारातूनच डोळे मिटून यायचे आणि फडताळाला धडकायचे.

"विद्या, मला कांहीं कळेना झालें आहे गो."

"काय झालें, मामा?"

"परवां दुपारीं मीं तिचे गाल पाहिले. गुलाबी. एकदम गुलाबी. म्हणून विचारलें, चेन्नईच्या सुंदरला बायकापोरांसकट आठ दिवस ठेवूं कां. 'ठेवा कीं' म्हणाली. अगदीं गोड. आणि तेव्हांपासून दोन दिवस माझ्याशीं बोललेली नाहीं. सांबारांत मीठ नाहीं. गाल पाहतों तर गुलाबीच."

श्रीविद्याला हसू आवरेना. खुर्चीतली बाई आज दुसरी होती, तीही हसली. मामांना मात्र हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. बत्तीस वर्षांचं शिक्षण पंधरा दिवसांत वाया गेलं होतं.

ते गेल्यावर श्रीविद्याचं हसू हळूहळू ओसरलं. मामी खरोखर रागावल्या होत्या आणि गाल गुलाबी होते. म्हणजे राग आला की मामी लाल होत नाहीत. गोड बोलतात. मग इतकी वर्षं त्या लाल व्हायच्या ते कशाने? तिने भुवईचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला आणि गिऱ्हाईक वाट बघत आहे हे तिच्या लक्षात आलं.

अठराव्या दिवशी तिने मामींच्या हातात आरसा दिला. अकराचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. मामींचा चेहरा स्वच्छ होता. गालांवर पिकल्या पेरूच्या आतल्या रंगाएवढी छटा, बस्स. मामींनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"छान झालें," त्या म्हणाल्या. "तुझें नाव होईल. अस्क्यांना सांगेन मी, सगळ्या गल्लीला."

"मग बसणार ना, मामी?"

"नाहीं."

श्रीविद्याने आरसा परत घेतला, पण तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना. "तोंड बरें झालें कीं."

"तोंड हें कारण चांगलें होतें. लोकांना लवकर पटतें." मामी पदर सारखा करत उठल्या. मग पुन्हा बसल्या. "तुला सांगतें. तूं खपलीस माझ्यासाठीं. बत्तीस वर्षें हा माणूस सकाळीं माझ्यासमोर एक टंबलर काप्पी पुरी होईपर्यंत बसलेला नाहीं. मी दोन घोट घेतले, वर पाहिलें, कीं हे पिशवी घेऊन उठतात. घरांत भाजी सडते, विद्या. तीन पडवळें पडलेलीं असतात आणि हे चौथें आणतात. मला काय समजत नाहीं? ज्याला माझ्यासमोर पांच मिनिटें बसवत नाहीं, त्याच्या शेजारीं दोनशें लोकांपुढें चार तास कशाला बसूं?"

हे त्यांनी पाढा म्हणावा तसं सांगितलं. गालांचा रंग जागचा हलला नाही. "वही तपासून ठेव," एवढं म्हणून त्या छत्री घेऊन निघून गेल्या.

श्रीविद्याने दाराला आतून कडी लावली आणि वही उघडली. मामींचं अक्षर छापल्यासारखं होतं. दुपारचे, संध्याकाळचे आकडे खाली खाली येत गेलेले. सहा, पाच, तीन, दोन. फक्त एक आडवी ओळ रोज तशीच होती. सहा पंधरा. काप्पी, उकळती. लाली: आठ. श्रीविद्याचं बोट सरकत शेऱ्याच्या रकान्यात गेलं. हे बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी: सहा पंधरा, काप्पी, आठ, हे बाहेर गेले. तिसऱ्या दिवशी तेच. अठरा दिवस अठरा ओळी. गणिताच्या बाईने सगळं मांडून ठेवलं होतं, फक्त शेवटचे दोन रकाने एकमेकांशेजारी आहेत हे तिला दिसलं नव्हतं. काप्पी बाईला लाल करत होती आणि लाल बाई बघून नवरा पळत होता. श्रीविद्या वही मांडीवर ठेवून बसून राहिली. लहानपणी दारातून डोकावून ती स्वतः किती वेळा पळाली होती, ते तिला आठवायला लागलं.

तिने मामांना फोन केला. मामा कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले, डोळे मिटून.

"डोळे उघडा, मामा. इथें आज कोणी नाहीं. हें वाचा."

मामांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. दोन पानं झाल्यावर ओठ हलायचे थांबले. त्यांनी मागे हात करून खुर्ची चाचपली आणि भुवया कोरायच्या खुर्चीत बसले, स्टीमरच्या बरोबर खाली.

"काप्पीनें?" ते म्हणाले.

"काप्पीनें."

"मला वाटे, माझें तोंड पाहून होतें." मामांचा आवाज अगदी लहान झाला होता. "सकाळीं सकाळीं उठून समोर बसलों, कीं दोन घोटांत लाल. मीं म्हटलें, हिला आपण सोसवत नाहीं. रागानें दिवस सुरू नको व्हायला बिचारीचा. म्हणून डोळ्यांआड जात असें. तिला बरें वाटावें म्हणून गो, विद्या. पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभा राहत असें. पावसांत सुद्धां."

श्रीविद्याने तोंड फिरवून एक बाटली पुसायला घेतली. ती बाटली स्वच्छच होती.

"आतां काय करूं?" मामांनी विचारलं.

"बसा."

"आणि लाल झाली तर?"

"तरी बसा. आणि काप्पी निववून द्या. माझें ऐकणार नाहींत त्या."

"आणि खरोखर रागावली तर? तें आतां ओळखायचें कसें?"

"तें मला माहीत नाहीं, मामा," श्रीविद्या खरं ते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामींचा यायचा वार नव्हता. तरी नऊच्या ठोक्याला पार्लरचं कुलूप काढायच्या आधी त्या पायरीवर उभ्या होत्या. दुसऱ्या वहीतून फाडलेला एक कागद त्यांच्या हातात होता, कारण वही श्रीविद्याकडे राहिली होती. त्यावरही रेघा मारलेल्या होत्या.

"यांना तूं काय सांगितलेंस?"

"कांहीं नाहीं, मामी. वही दाखवली."

मामी आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि कागद तिच्यापुढे धरला. "वाच."

सहा पंधरा. काप्पी, कोमट. पुढे कंसात लिहिलं होतं: यांनींच डवऱ्यांत ओतून ओतून निववली, अर्धी सांडली. तिखट: नाहीं. ऊन: नाहीं. वाफ: नाहीं. लाली: सात.

"कोमट काप्पीनें सात?" श्रीविद्या चक्रावली. हे कोर्समध्ये कुठेच नव्हतं. "कांहीं दुसरें लावलें होतें? नवीन साबण?"

"बाकी अस्कें तेंच होतें," मामी म्हणाल्या. त्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या. "एकच गोष्ट बदलली."

श्रीविद्याने शेऱ्याचा रकाना बघितला. तिथे लिहिलं होतं: हे बसले होते.

श्रीविद्याने हळूच वर बघितलं. मामींच्या मानेपासून निघालेली लाली गालांवरून कपाळाकडे चालली होती, आणि आज घाईघाईत त्या छत्रीसुद्धा विसरल्या होत्या.

"पुरा टंबलर?" श्रीविद्याने विचारलं.

"दोन्ही. मग म्हणाले, अजून आहे कां. बत्तीस वर्षांत पहिल्यांदां." मामींनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "ह्याच्यावर कांहीं क्रीम आहे कां तुझ्याकडें?"

"नाहीं, मामी."

"असूं दे." त्या उठल्या आणि दारापाशी थांबल्या. "उद्यां परत पाहतें. एकदां आलेलें उत्तर चुकीचें सुद्धां असेल."

त्यांनी पाच दिवस पाहिलं. उत्तर तेच आलं.

साठीशांतीच्या सकाळी श्रीविद्या तिरुवैयारुच्या सभागृहात सहापासून ठाण मांडून होती. भटजींशी वाद घालून तिने होमकुंड पाटापासून चार हात लांब सरकवलं. कलशांतलं पाणी बोट घालून बघितलं. नलंगूला, म्हणजे हळद लावायच्या विधीला, मामींच्या गालांना हळद लावायला सरसावलेल्या सगळ्या बायकांना तिने पायांकडे वळवलं, आणि ओरत्तनाडुची नणंद हिरवी पोडी घेऊन आली तेव्हा ती पोडी श्रीविद्याने स्वतःच्या कमरेला खोचली. पर्समध्ये लाली झाकायची हिरवट क्रीम तयार होती. पण होम झाला, धूर झाला, दोनशे लोकांनी आळीपाळीने पाणी ओतून झालं, आणि कोरड्या साडीत पाटावर बसलेल्या मामींचा चेहरा गुलाबी तो गुलाबीच. कार्तिकच्या लग्नात मामींना पाहिलेल्या बायका श्रीविद्याकडे वळून वळून बघत होत्या. श्रीविद्या मान खाली घालून उभी होती, पण ऐकू येईल इतपत जवळ.

मग मामांनी मंगळसूत्र हातात घेतलं.

लाली निघाली ती मानेतून. गाल झाले, कान झाले, कपाळ झालं. कार्तिकच्या लग्नातही एवढी नव्हती. सनईवाल्याचा सूर जरा हलला. व्याही सत्यनारायण कुणालाही न सांगता खांबामागे गेले. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली केला आणि श्रीविद्याकडे बघितलं. कार्तिकचे डोळे तर सवयीने खुंटी शोधायला लागले, पिशवी कुठे टांगली आहे म्हणून. सगळ्यांना माहीत होतं, आता मामा उठणार.

मामा बसून राहिले.

"राग नाहीं," त्यांनी मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं. "बसा अस्के."

"मीं म्हटलें कां, राग नाहीं म्हणून?" मामी ओठ न हलवता म्हणाल्या.

मामांनी मामींच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिथे काय आहे हे त्यांना काही केल्या कळलं नाही. तरी ते थोडे आणखी जवळ सरकले आणि गाठ मारली.

फोटोवाल्याने खुणेनेच श्रीविद्याला विचारलं, काही लावायचं आहे का. तिने पर्सची चेन बंद केली.

"नको," ती म्हणाली. "असाच काढा."